कॉलेजातली ओळख नोकरीत कामाला येते का? धर्म, ऑफिस आणि दोस्तांचं जाळं (नागपूर)

सदरची_वेणू

नमस्कार मंडळी. मी नागपुरात समाजशास्त्रात पीएच.डी. करतेय. माझा विषय ऐकायला दोन वाटतो. कॉलेजात पोरापोरींची मैत्री धर्माच्या आत किती राहते, बाहेर किती जाते, हा एक भाग. पुढे नोकरीला लागल्यावर माणूस आपली धार्मिक ओळख कामाच्या ठिकाणी किती उघड ठेवतो आणि किती झाकतो, हा दुसरा. माझे गाइड म्हणतात, यात दोन प्रबंध आहेत, एक सोड. मला सोडवत नाही. पहिल्या नोकरीची बातमी बऱ्याच जणांना कॉलेजातल्या ओळखीतूनच कळते. तेव्हा वर्गात कोण कोणाशी बोलत होतं, यावर पुढे कोण कुठे पोचलं हे ठरत असणार, असं मला मनापासून वाटतं.

या विषयावर बरंच काम झालंय, पण ते नावावर अडकतं. फ्रान्समध्ये २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, आडनावही एकच ठेवलं, फक्त एका बाईचं नाव मारी आणि दुसरीचं खदिजा. मुस्लिम वाटणाऱ्या उमेदवाराला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता अडीच पटीनं कमी निघाली. आपल्याकडे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नाव मागे पडलं आणि मुस्लिम नाव त्याहून मागे. (थोरात सर आपल्या विदर्भातलेच, अमरावती जिल्ह्यातले.) पण अर्ज निवडला गेल्यावर काय? रोज त्याच कँटीनमध्ये बसायचं असतं तेव्हा काय होतं? ते मला हवंय.

नागपूर का, तर दीक्षाभूमी, ताजबागचा दर्गा, संघाचं मुख्यालय, १८८३ मध्ये सुरू झालेलं मिशनऱ्यांचं हिस्लॉप कॉलेज आणि जरीपटक्याची सिंधी वस्ती हे सगळं एका शहरात आहे. शिवाय २०११ च्या जनगणनेत देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात होते. इथे नुसतं हिंदू-मुसलमान असे दोन रकाने करून भागत नाही.

तर सांगा, वर्गात कागद देऊन मी ‘तुमचे पाच जवळचे मित्र कोण, त्यांचा धर्म कोणता’ असं विचारलं तर खरं लिहाल? आणि नोकरीत आपली ओळख झाकावी असं कधी वाटलं का, किंवा उघड केल्यावर काय झालं? कंपनीचं, कॉलेजचं, माणसांचं नाव कृपा करून लिहू नका.

कॉटनमार्केट_चौक

रुमाल टाकून ठेवतो. विषय भल्ला आहे. दुकान बंद केल्यावर निवांत वाचतो.

स्पष्ट_बोला

राग मानू नका, पण असे प्रश्न विचारूनच पोरांच्या डोक्यात नसलेलं भरवलं जातं. आमची १९८८ ची बॅच. दहा जण सायकली काढून फुटाळ्याला जायचो. कोण कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा याचा कधी विषयच निघाला नाही. आज त्या दहांतले तीन अमेरिकेत आहेत, ग्रुपवर रोज बोलतो. तुमचा कागद वर्गात फिरला की ज्याला कधी विचार शिवला नाही तोही शेजाऱ्याकडे बघून हिशोब करायला लागेल. समाजशास्त्राने जोडायचं काम करावं.

एचआर_ताई

वेणू, दोन्ही भाग एकत्रच ठेव. गाइडना नंतर पटेल. सविस्तर रात्री लिहिते.

त्रिशरण_इंदोरा

स्पष्ट_बोला काका, तुमच्या दहांत कोणी बौद्ध किंवा मुसलमान असेल तर त्याला बाकीचे नऊ कोण हे पहिल्याच दिवशी कळलं असणार. विषय निघाला नाही, कारण तो काढणं त्याला परवडणारं नव्हतं. तुमच्या दोस्तीवर मला शंका नाही. त्याला एकट्याला गाठून विचारा, एवढंच म्हणतोय.

वेणूताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर. मी इंदोऱ्याचा. पुण्यात आयटीत पहिली नोकरी लागली. आईचा फोन रोज दुपारी यायचा, जेवला का विचारायला. तिची सवय अशी की उचलल्याबरोबर ‘जय भीम बेटा’, आणि समोरूनही ते आल्याशिवाय ती पुढे बोलत नाही. घरी मी तसंच म्हणायचो. ऑफिसात शेजारी टीम बसलेली असायची, मग मी ‘हां आई, बोल’ म्हणायचो. ती क्षणभर थांबायची आणि मग विचारायची, डब्यात काय आहे. तिला कळत होतं. तिने मला त्यावरून कधी टोकलं नाही, याचा मला जास्त त्रास व्हायचा.

मग एका ६ डिसेंबरला आमच्याच मजल्यावरचा एक सीनियर पँट्रीमध्ये सगळ्यांसमोर सफाईवाल्या मावशींना मोठ्यानं ‘जय भीम, मावशी’ म्हणाला. मी तिथंच कप धूत होतो. मावशी हसल्या, त्यांनीही म्हटलं. त्या दिवसापासून मीही फोनवर म्हणायला लागलो. पुढे काय झालं विचाराल, तर फार काही झालं नाही. टीममधल्या दोघांनी नागपूरला लग्नाला आले असताना मला फोन करून दीक्षाभूमी दाखवायला सांगितलं. एक जण मात्र हळूहळू जेवायला दुसऱ्या टेबलावर बसायला लागला. भांडण नाही, शब्द नाही. कामाचं बोलणं पूर्वीसारखंच. हे तुमच्या फॉर्ममध्ये कोणत्या रकान्यात बसेल?

पाचपावली_पूल

त्रिशरणभाऊ, जय भीम. आईंना सांगा, नागपूरहून एकाने पाठवलाय.

महालचे_मास्तर

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा कागदावर खरं लिहिलं तरी त्याचं काय करायचं यावर बोलतो.

समजा ६० जणांचा वर्ग आहे. ४५ हिंदू, ८ बौद्ध, ७ मुस्लिम. एका हिंदू मुलाने पाच मित्रांची नावं लिहिली, त्यातले चार हिंदू निघाले. यावरून तो आपल्या धर्मातच मित्र करतो म्हणायचं का? नाही म्हणता येणार. बाकीच्या ५९ जणांत ४४ हिंदूच आहेत. डोळे मिटून नावं उचलली तरी पाचांत तीन-चार हिंदूच येतील. आता मुस्लिम मुलगी घ्या. तिच्यासाठी वर्गात तिच्या धर्माचे फक्त सहा उरतात. डोळे मिटून उचललं तर पाचांत सरासरी अर्धा. तिने तीन लिहिले तर ते फार मोठं अंतर आहे. म्हणजे हिंदू मुलाचे चार ‘सहज’ आणि हिचे तीन ‘जास्त’. हा हिशोब न करता नुसते टक्के छापले की बातमी होते, ‘अमुक समाजाची मुलं आपापसातच राहतात’, आणि ती चुकीची असते.

दुसरं म्हणजे बाणाची दिशा. तिने कोणाची नावं लिहिली आणि तिचं नाव कोणी लिहिलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिने दोन हिंदू मैत्रिणींची नावं लिहिली आणि त्या दोघींनी तिचं लिहिलं नाही, तर आपापसात कोण राहतंय? वेणू, पाच नावांची मर्यादा काढ. हजेरीपटाची पूर्ण यादी समोर ठेव आणि खुणा करायला सांग. आठवून लिहायला सांगितलं की आदल्या दिवशी ज्याच्यासोबत चहा घेतला तोच आठवतो.

समान माणसं एकमेकांकडे ओढली जातात, यावर लाझार्सफेल्ड आणि मर्टन या समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्येच लिहिलं होतं. ओढ किती आणि संधीच किती होती, हे वेगळं काढणं हे खरं काम.

संत्रागल्ली

मास्तर, माझ्या पाच जवळच्या मित्रांत तिघांचा धर्म एकच आहे: उसने घ्यायचे आणि परत द्यायचे नाहीत. हे सहज म्हणायचं की जास्त?

महालचे_मास्तर

शहरात एकूण असे किती आहेत ते आधी मोजावं लागेल.

बुटीबोरी_बी_शिफ्ट

मी प्लांटमंधला माणूस, पुस्तकातलं मले सांगता येत नाही. पण दसऱ्याची गोष्ट सांगतो.

आमच्याकडे खंडेनवमीले मशीनची पूजा होते. लाइनवरचा सगळ्यात सीनियर ऑपरेटर आरती करते, अशी रीत. जुने सीनियर रिटायर झाले अन् नंबर आला तो एका बौद्ध माणसाचा. बावीस प्रतिज्ञा पाळणारा माणूस हाय, घरात देवाचा फोटो नाही. आठ दिवस आधी माह्याकडे आला. म्हणे, ‘साहेब, मशीन मी पुसतो, ग्रीसिंग करतो, झेंडूचं तोरणबी मीच बांधतो. आरती मात्र माह्या हातानं होणार नाही.’ दुसरा असता तर त्या दिवशी सुट्टी टाकून मोकळा झाला असता. हा तोंडावर येऊन बोलला, मले तेच आवडलं.

आता पूजा तर करायची, अन् सीनियरचा मान बी राखायचा. प्लांट हेडसोबत बोललो. ठरलं असं का आरती दुसऱ्यानं करायची, अन् पूजा झाल्यावर मशीनचं हिरवं बटन पहिल्यांदा सीनियरनंच दाबायचं. त्यानं हात धुतले, नवा युनिफॉर्म घातला, अन् सगळ्यांसमोर बटन दाबलं. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. आता हीच रीत होऊन गेली हाय.

दुसऱ्या दिवशी दसरा म्हणजे त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर त्यांच्या वस्तीचा स्टॉल असते, बाहेरगावच्या लोकांले जेवण देतात. लाइनवरचे काही पोट्टे तिथं पत्रावळी उचलाले गेले. कोणी सांगितलं नव्हतं.

पण सगळं गोडगोड हाय असं समजू नका. हे झालं परमनंट लोकांचं. ठेकेदाराचे माणसं पहा. ठेकेदार आपल्या गावचे, आपल्या नात्यागोत्याचे आणते. अख्खी गँग एका जातीची, एका धर्माची. तिथं कोण काय झाकते अन् कोण काय दाखवते? बाहेरचा माणूस आतच येत नाही. वेणूताई, तुमचा कागद तिथपर्यंत कसा पोचणार ते पाहा.

कॉटनमार्केट_चौक

बटनाची गोष्ट दुकानात सगळ्यांना वाचून दाखवली. सलाम त्या माणसाला, आणि तुम्हालाही भाऊ.

कामठी_रोड

मी हिजाब घालते. नोकरी शोधत होते तेव्हाचं सांगते. एका ठिकाणी मुलाखतीला माझ्याबरोबर आणखी एक मुलगी होती. तीही कामठीची, दोघी एकाच बसने आलो होतो. माझी मुलाखत चहा थंड व्हायच्या आत संपली. ‘रोज एवढ्या लांबून जमेल का’, ‘घरून परवानगी आहे ना’, संपलं. अपमान कोणीच केला नाही, खुर्ची दिली, चहा दिला. बाहेर येऊन तिला विचारलं, तुला लांबचं काय विचारलं? ती म्हणाली, ते तर विचारलंच नाही, प्रोजेक्टबद्दलच बराच वेळ बोलत होते.

अमेरिकेत किंग आणि अहमद यांचा २०१० चा एक अभ्यास आहे. दुकानांत नोकरीचं विचारायला बायकांना पाठवलं, कधी मुस्लिम पोशाखात, कधी साध्या. अर्ज दोन्ही वेळा घेतला गेला, त्यात फरक नव्हता. फरक होता बोलण्यात. पोशाख असला की बोलणं आखडतं आणि लवकर आटोपतं. मी तो वाचला तेव्हा त्या खोलीत काय झालं होतं ते मला नीट मांडता आलं. तक्रार करायला त्यात काही नसतं, म्हणून ते कुठे नोंदलंच जात नाही. वेणू, तू ते नोंदव.

आणि आता जिथे आहे ती नोकरी कशी मिळाली तेही सांगते. बी.एस्सी.ला प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये एक मुलगी होती. तिच्या घरी मी कधी जेवले नाही, ती माझ्याकडे ईदला आली नाही. पाच जवळच्या मैत्रिणींत मी तिचं नाव लिहिलंच नसतं. पण तिच्या ऑफिसात जागा निघाली तेव्हा तिने मला फोन केला. म्हणाली, ‘तुझं रेकॉर्ड बुक नेहमी वेळेवर असायचं, म्हणून तू आठवलीस.’

एचआर_ताई

कामठी_रोड, खोलीतलं ते बोलणं मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलंय आणि अडवलंही आहे. मुलाखतीला सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, कागदावर लिहून ठेवायचे, एवढं केलं तरी ‘लांबून जमेल का’ निम्मं बंद होतं. विचारायचंच तर सगळ्यांना विचारा.

सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतल्या एचआरवाल्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या, तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे म्हणाले, आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. आणि त्याच दमात म्हणाले, उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमीही पाहतो. वडील काय करतात, घरचं वातावरण कसं आहे. हे प्रश्न नागपुरातही रोज विचारले जातात आणि विचारणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता रेफरल. ओळखीतला माणूस आणा, लागला तर बक्षीस. कंपनीला सोयीचं पडतं, जाहिरातीचा खर्च वाचतो. पण बुटीबोरीच्या ठेकेदाराची गँग आणि आमची रेफरल स्कीम यांत मला फार फरक दिसत नाही. आत जे आहेत त्यांच्यासारखेच आणखी आत येतात. वेणू, तुझे दोन्ही विषय इथे एक होतात.

स्पष्ट_बोला

मीही थोडं वाचून आलोय. दिल्लीतच बॅनर्जी, बर्ट्रांड वगैरेंनी असाच अर्जांचा प्रयोग केला होता, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीवरून भेदभावाचा पुरावा सापडला नाही, आणि मुस्लिम उमेदवारांबाबतही सापडला नाही. तो का कोणी सांगत नाही? आपल्या सोयीचे तेवढे अभ्यास काढायचे हे बरोबर नाही.

एचआर_ताई

मुद्दा रास्त आहे काका, तो अभ्यास धाग्यात यायलाच हवा होता. त्यातच पुढे आहे की कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र ओबीसी उमेदवार, आणि काही प्रमाणात अनुसूचित जातींचे उमेदवार, मागे पडले. सॉफ्टवेअरमध्ये काम येतं का हे तपासता येतं. कॉल सेंटरला ‘बोलणं-वागणं’ पाहतात, तिथे मनातलं घुसायला जागा मिळते. माझा अनुभव याच्याशी जुळतो. शिवाय हे सगळं पहिल्या फोनपर्यंतचं. त्रिशरणचं जेवणाचं टेबल यात कुठेच येत नाही.

स्पष्ट_बोला

बोलणं-वागणं पाहणं म्हणजे भेदभाव, हे मला मान्य नाही. ग्राहकाशी बोलायचं काम असेल तर ते पाहणारच. बाकी ठीक.

रामदासपेठ_रूम

थोडं अवांतर. मी यवतमाळहून शिकायला आलो तेव्हा रूम शोधली. वर्गातला एक मुस्लिम मित्र आणि मी, दोघं मिळून घेणार होतो. मी एकटा गेलो की रूम रिकामी असायची, दोघं गेलो की भाचा येणार असायचा. शेवटी तो मोमिनपुऱ्यात नातेवाइकांकडे राहिला, मी कॉलेजजवळ. पहिलं वर्ष संपेपर्यंत आमचं बोलणं ‘नोट्स आहेत का’ इतकंच उरलं. रोज संध्याकाळचा चहा, रात्रीची तर्री, परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण, सगळं राहण्यावर असतं. वर्गात कोण कोणाशेजारी बसतं ते नंतरचं. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहणाऱ्या मित्रांचा ग्रुप वेगळा, समाजाच्या बोर्डिंगवाल्यांचा वेगळा. फॉर्ममध्ये ‘कुठे राहता आणि ती जागा कशी मिळाली’ हा प्रश्न टाकाच.

संत्रागल्ली

भाचा येणार असतो, हे शंभर टक्के. नागपुरात घरमालकांना भाचे फार.

त्रिशरण_इंदोरा

फॉर्मचा विषय निघाला म्हणून सांगतो. धर्माच्या रकान्यात चौकटी छापू नका, रिकामी ओळ सोडा. अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राने बौद्धांना १९९० मध्ये लागू केल्या. त्याआधी १९५० च्या आदेशात फक्त हिंदू आणि १९५६ पासून शीख होते. त्यामुळे कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर हिंदू आणि भिंतीवर बुद्ध, असं चालत आलं. राज्याच्या योजनांत ‘नवबौद्ध’ असा वेगळा उल्लेख असतो, तोही काहींना आवडत नाही. साठ-सत्तर वर्षांनंतरही नव कसे, असं माझे वडील विचारतात. तुम्ही चौकट दिली तर पोरगा दाखल्यावर जे आहे त्यावर खूण करेल, आणि तुमचा हिंदू-बौद्ध मैत्रीचा सगळा हिशोब चुकेल.

विदा_वारकरी

मी सर्वेक्षणाच्या आकडेवारीचं काम करतो. मला एका गोष्टीची काळजी वाटते आणि ती स्पष्ट सांगतो.

मैत्रीच्या जाळ्याचं चित्र काढलं आणि नावं पुसली, तरी ६० जणांच्या वर्गात एकच ख्रिश्चन मुलगी असेल तर तो ठिपका कोणाचा हे अख्ख्या कॉलेजला कळेल. दुसरं, मी माझ्या मित्राचं नाव आणि धर्म लिहिला, पण त्याने तर भाग घ्यायला होकार दिलेला नाही. त्याची माहिती माझ्यामार्फत तुमच्याकडे आली. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. वेगळ्या धर्माच्या मुलगा-मुलीमध्ये साधी मैत्री असली तरी आजच्या दिवसांत ती कागदावर येणं धोक्याचं होऊ शकतं. ती यादी चुकीच्या हाती गेली तर त्या दोघांच्या घरापर्यंत जाईल. संशोधनाला मिळेल एक ठिपका आणि त्यांना भोगावं लागेल सगळं.

तेव्हा नावांऐवजी सांकेतिक क्रमांक, क्रमांकाची किल्ली वेगळ्या कुलपात, काम झालं की ती नष्ट. एका वर्गाचं चित्र कधीच छापायचं नाही, अनेक वर्ग एकत्र करून आकडे द्यायचे. आणि धर्म प्रत्येकाने फक्त स्वतःचा लिहायचा, दुसऱ्याचा नाही.

स्पष्ट_बोला

मी पहिल्या दिवशी हेच म्हणत होतो. वारकरींनी नीट शब्दांत सांगितलं.

विदा_वारकरी

काका, मी करू नका म्हणत नाहीये. जपून करा म्हणतोय. न मोजल्याने रामदासपेठ_रूमच्या मित्राला रूम मिळाली नसती.

महालचे_मास्तर

कामठी_रोड यांनी रेकॉर्ड बुकवाल्या मुलीचं लिहिलं ते पुन्हा वाचलं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्ये हेच मांडलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याने कळवलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? बहुतेकांचं उत्तर होतं, अधूनमधून किंवा क्वचित. कारण सरळ आहे. जवळच्या मित्राला तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. लांबचा ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात फिरतो, तिथली खबर आणतो.

म्हणून वेणू, ‘जवळचे मित्र’ विचारशील तर तुला घरोब्याचं जाळं मिळेल. ते धर्माच्या आतच निघेल. तेही खरं आहे, पण तुझा प्रश्न नोकरीचा आहे. तुला पातळ धागे हवेत.

आणि ते कुठे विणले जातात? आपल्या कॉलेजांत हजेरीपट आडनावाच्या इंग्रजी अक्षरांनी लागतो आणि त्यावरून प्रॅक्टिकलच्या बॅचेस पडतात. शर्मा, शेख, शेंडे, शंभरकर एकाच बॅचला, एकाच टेबलावर, वर्षभर. कोणी कोणाला निवडलेलं नसतं. एका बॅचमधल्यांची ओळख आणि दोन बॅचमधल्यांची ओळख यांची तुलना केली, तर ओढ आणि संधी वेगळी काढायला आयता प्रयोग मिळतो.

मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात १,२६१ तरुण घेतले, त्यातल्या काहींच्या क्रिकेट लीग भरवल्या आणि बाकीच्यांना तुलनेसाठी बाहेर ठेवलं, २०२१ मध्ये निकाल आला. वेगवेगळ्या जातीचे एका संघात खेळले तर जातीपलीकडची मैत्री वाढली. समोरासमोरच्या संघांत खेळले तर उलटा परिणाम झाला. एका टेबलावर एकच ब्युरेट धरणं आणि कॅम्पस मुलाखतीच्या रांगेत एकमेकांशी झुंजणं, दोन्ही ‘संपर्क’च, पण सारखे नाहीत.

कामठी_रोड

मास्तर, आडनावाच्या अक्षराचं अगदी बरोबर ओळखलंत. तसंच झालं होतं.

विदा_वारकरी

आडनावं पूर्ण चिठ्ठी टाकल्यासारखी मात्र नाहीत. शेख आणि सय्यद एकाच अक्षरात, पठाण आणि पाटील एकात. एखाद्या बॅचला एका समाजाची मुलं जास्त पडू शकतात. ते हिशोबात धरा, मग प्रयोग उत्तम आहे.

आणि सल्मा मूसा यांचा २०२० चा इराकमधला फुटबॉलचा अभ्यासही जोडून वाचा. आयसिसमुळे घरं सोडावी लागलेले ख्रिश्चन आणि मुस्लिम खेळाडू एका संघात ठेवले. संघात वागणं सुधारलं, पुढेही ख्रिश्चन खेळाडू मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करत राहिले. पण ते मुस्लिमबहुल मोसुलमधल्या हॉटेलात जेवायला जातात का हे पाहिलं, तर फारसा फरक नव्हता. टेबलावरची ओळख टेबलाबाहेर आपोआप जात नाही.

पाचपावली_पूल

म्हणून म्हणतो, लग्नाला कोण गेलं ते विचारू नका, पत्रिका तर सगळ्या ऑफिसला जाते. मयतीला कोण गेलं ते विचारा. आमच्या दुकानातले जुने मुनीम वारले तेव्हा मोक्षधामात कोण उभं होतं, ते पाहूनच मला माणसं कळली.

सदरची_वेणू

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद उतरवून घेतलाय.

कागद आता असा ठरवलाय. ‘जवळचे मित्र’ हा प्रश्न ठेवते, पण मुख्य दोन प्रश्न वेगळे असतील: नोकरी, इंटर्नशिप किंवा स्पर्धा परीक्षेच्या जागेची बातमी शेवटची तुम्हाला कोणी दिली, आणि तुम्ही कोणाला दिलीत? हजेरीपट समोर, खुणा फक्त क्रमांकांवर. धर्म प्रत्येकाने स्वतःचा, रिकाम्या ओळीत. कुठे राहता आणि जागा कशी मिळाली, हे रामदासपेठ_रूम यांच्या सांगण्यावरून. बॅचचा क्रमांक मास्तरांच्या सांगण्यावरून. एका वर्गाचं चित्र प्रबंधात येणार नाही, हे संमतिपत्रातच लिहीन.

नोकरीच्या भागात ‘ओळख लपवता का’ असं थेट विचारणार नाही. पाचपावली_पूल यांचा मयतीचा प्रश्न आणि तुम्ही सांगितले तसे प्रसंग ठेवीन: पूजेत तुमच्याकडे काय काम येतं, शुक्रवारी दुपारी तुमची जागा कोण सांभाळतं, घरचा फोन आला की जागेवर बोलता की बाहेर जाता, मुलाखतीत शेजारच्याला न विचारलेलं तुम्हाला काय विचारलं.

स्पष्ट_बोला काका, तुमची १९८८ ची बॅच मला हवी आहे. दहाही जण, प्रत्येकाशी वेगळं बोलेन. अमेरिकेतल्या तिघांशी फोनवर.

स्पष्ट_बोला

ग्रुपवर टाकतो. सगळे हो म्हणतील असं सांगत नाही. पण वेगवेगळं बोला हे बरं.

एचआर_ताई

रेफरलचे आकडे कंपनी देणार नाही, मागूही नकोस. त्याऐवजी लागलेल्या माणसांना विचार की जागा कशी कळली. मिहानमधल्या (विमानतळाजवळच्या कंपन्यांतल्या) माझ्या ओळखीच्या काही जणींना तुझा नंबर दिला तर चालेल ना? संदेश पाठव.

बुटीबोरी_बी_शिफ्ट

ठेकेदारीवाल्या माणसांसाठी कागद नका आणू ताई, लिहाले बसत नाही कोणी. ठेकेदारासमोर विचाराल तर ‘सब ठीक हाय’ म्हणतील. शिफ्ट सुटते तेव्हा गेटबाहेरच्या टपरीवर या, तिथं अर्धा तास बस लागलेली राहते. पगाराच्या दिवशी नका येऊ, सगळे घाईत असतात. आधी मले कळवा, मी सोबत थांबतो. अन् पहिला प्रश्न हाच विचारा का, इथं काम हाय हे तुले कोणं सांगितलं.